पावसाळ्यातला अडचणींचा आठवडा: उरणच्या घरांसाठी काही अनुभवाचे बोल

घरातले बिघाड सहसा एकेकटे येत नाहीत. उरणसारख्या किनाऱ्यावरच्या गावात जुलैच्या एखाद्या आठवड्यात तर ते रांगेने येतात. छप्पर गळते, ते पाणी भिंतीतून झिरपत स्विचबोर्डापर्यंत पोचते आणि लाइट जाते. लाइट नसल्याने मोटर चालत नाही आणि टाकी रिकामी होते. बाहेर गटार भरले की मोरीतून पाणी उलटे घरात येते, आणि या धावपळीत शेगडीवरच्या दुधाकडे कोणाचे लक्ष राहत नाही. वरवर पाहता ही सगळी वेगवेगळी संकटे वाटतात. त्यांची मुळे मात्र तीनच आहेत: संततधार पाऊस, लोखंड आणि तांबे खाणारी खारी हवा, आणि वीजपुरवठ्यातला खंड.

असे आठवडे ज्यांनी काढले आहेत त्यांचा अनुभव एकच आहे. पहिल्या बिघाडाने घराचे फारसे काही जात नाही. मोठे नुकसान होते ते पहिला बिघाड निस्तरण्याच्या घाईत घडणाऱ्या दुसऱ्या अपघाताने. मोरा बंदराकडच्या एका कौलारू घरात रात्री कौल सरकून स्वयंपाकघरात धार लागली. धारेखाली बादली ठेवली होती आणि ती भरायला चांगला अर्धा तास लागत होता. तरीही घरातला कर्ता माणूस तोंडात टॉर्च धरून ओल्या शिडीवर चढला. शेवाळलेल्या फरशीवर शिडीचा पाय सरकला आणि मनगट मोडले. गळती सकाळपर्यंत थांबू शकत होती. पुढचे सगळे दिवस घराला एक हात कमी पडला आणि बाकीच्या अडचणी दुप्पट जड झाल्या. म्हणून अशा आठवड्यात सर्वांत आधी बिघाडांचा क्रम लावायचा असतो, दुरुस्तीचा विचार त्यानंतर.

आधी काय, मग काय

सगळ्या अडचणींचे तीन गट पडतात. पहिल्या गटात जिवाला धोका असलेल्या गोष्टी येतात: गॅसचा वास, ओल्या भिंतीतून लागणारा शॉक, भाजणे, घसरून पडणे, साप-विंचवाचा दंश. इथे हातातले काम जिथल्या तिथे सोडायचे. दुसऱ्या गटात तासागणिक वाढत जाणारे बिघाड आहेत: छपराची गळती, तुंबलेली मोरी, बंद फ्रिजमधले अन्न, संपत आलेले पाणी. यांना आधी आवर घालायचा आणि दुरुस्ती उजेडात, सावकाश करायची. तिसऱ्या गटात थांबू शकणारे सारे येते: न वाळलेले कपडे, बंद पडलेला मिक्सर, टीव्ही, भिंतीची ओल. या गोष्टी डोळ्यांसमोर असतात, म्हणून त्याच आधी हातात घेतल्या जातात. त्या आठवडाभर तशाच राहिल्या तरी कोणाचे काही बिघडत नाही.

वीज

पावसाळी आठवड्यात वरचेवर लाइट जाण्याची कारणे दोन. एक बाहेरचे: वारा, झाडाची फांदी, तुटलेली तार. दुसरे घरातले. शेजाऱ्यांकडे लाइट असेल आणि आपल्याकडे नसेल तर दोष घरात आहे असे समजावे. अशा वेळी एमसीबी पडली की आरसीसीबी, हे आधी पाहावे. जास्त भार किंवा शॉर्टसर्किट झाले की एमसीबी पडते. करंट ओल्या भिंतीत किंवा यंत्राच्या पत्र्यात गळू लागला की आरसीसीबी पडते. माणसाला वाचवण्यासाठी घरात बसवली जाणारी आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या गळतीला बंद होते. ती पुन्हा पुन्हा पडते म्हणून काढून टाकणे किंवा तिला वगळून थेट जोडणी घेणे म्हणजे घरच्या माणसांच्या जिवाशी खेळ आहे.

दोष शोधण्याची पद्धत सोपी आहे, मात्र ती बोर्ड पूर्ण कोरडा असतानाच वापरायची. हात कोरडे करावेत, पायात रबरी चप्पल असावी. सगळ्या एमसीबी खाली कराव्यात, आरसीसीबी वर करावी आणि मग एकेक एमसीबी चढवत जावे. जी चढवताच सगळे पुन्हा बंद पडते, तिच्या वाटेवर दोष आहे. तेवढी एक बंद ठेवून बाकी घर चालवता येते आणि वायरमनलाही नेमकी जागा सांगता येते. उरणमध्ये हा दोष बहुधा गच्चीवरचा दिवा, बाहेरची मोटर किंवा मोरीतला गिझर यांच्याकडे सापडतो, कारण खाऱ्या हवेने तिथले जोड आधी गंजतात. मीटरपेटीत किंवा मुख्य बोर्डात पाणी शिरले असेल तर कशालाही हात न लावता महावितरणच्या १९१२ क्रमांकावर कळवावे. एक गोष्ट हमखास विसरली जाते: मेन बंद केला तरी इन्व्हर्टरच्या वायरींत वीज असतेच. तोही बंद केल्याशिवाय ओल्या खोलीत पंख्याला किंवा दिव्याला हात लावू नये.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडच्या किनाऱ्यावरची अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. तेव्हापासून बॅटरीचा कंदील, चार्ज केलेली पॉवर बँक आणि महत्त्वाचे क्रमांक लिहिलेला कागद या तीन वस्तू घराघरांत हाताशी असतात, आणि असायलाच हव्यात. मेणबत्ती हा शेवटचा उपाय. गॅसचा जरासाही संशय असेल तर तोही नाही.

गॅस

उरण हे गॅसचेच गाव आहे. मुंबई हायचे तेल आणि वायू इथल्या ओएनजीसीच्या प्रकल्पात येतात, आणि सिलिंडर भरण्याचा प्रकल्पही इथे आहे. ३ सप्टेंबर २०१९ रोजी ओएनजीसीच्या प्रकल्पात पावसाच्या पाण्याच्या गटारात आग लागली आणि चार जणांचा जीव गेला. कारखान्यात असो वा स्वयंपाकघरात, ज्वलनशील पदार्थ सखल जागी साचला की एक ठिणगी पुरते, हे या गावाला वेगळे सांगावे लागत नाही. तरी कारखान्यांच्या सहवासात नाकाला वासाची सवय होते आणि घरातला वासही बाहेरचाच असेल असे वाटून जाते. अशा वेळी बाहेर जाऊन, मोकळ्या हवेत श्वास घेऊन पुन्हा आत यावे. आत वास जास्त असेल तर गळती घरात आहे.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. तो छताकडे न जाता जमिनीलगत, ओट्याखाली आणि मोरीच्या खळग्यात साचतो. त्यामुळे फक्त वरची खिडकी उघडून भागत नाही. बाहेर उघडणारे दारही सताड उघडावे लागते. शेगडी आणि रेग्युलेटर बंद करावा, रेग्युलेटर काढून सिलिंडरला बांधलेली टोपी घट्ट बसवावी आणि सगळ्यांनी बाहेर यावे. कोणतेही बटण चालू करू नये, आणि चालू असलेले बंदही करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळा उडते. एक्झॉस्ट पंखा लावणे ही यातली सर्वांत घातक चूक. बाहेर आल्यावर १९०६ या गॅसगळतीच्या क्रमांकावर फोन करावा. तो चोवीस तास चालू असतो.

नवा सिलिंडर जोडल्यावर तोंडाशी साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. बुडबुडे आले तर बहुतेक वेळा आतली रबरी रिंग झिजलेली असते. काडी ओढून तपासण्याची जुनी सवय घरातून कायमची जायला हवी. नळी आयएसआय खुणेची असावी आणि पाच वर्षांत बदलावी. कडक झाली किंवा तिला भेगा पडल्या तर त्याआधीच.

भरतीचे पाणी आणि मोरी

मोरीतून पाणी वर येऊ लागले की बांबू घालून ढोसणे, ॲसिड ओतणे असे उपाय सुरू होतात. उरणमध्ये पुष्कळदा मोरीत काहीच अडकलेले नसते. गावातले पाणी नाल्यांतून खाडीत जाते, खारजमिनीच्या भागात ते बांधांतल्या उघाड्यांतून, म्हणजे पाणी सोडण्याच्या दारांतून, बाहेर पडते. भरती चढली की पाण्याला बाहेर जायला वाट राहत नाही. त्यात जोराचा पाऊस आणि अमावास्या-पौर्णिमेचे उधाण एकत्र आले की गटार उलटे वाहते. अशा वेळी केलेली सगळी मेहनत पाण्यात जाते.

भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब अजूनही कामाला येतो. तिथीचा आकडा पाऊणपट करावा. चतुर्थीला चाराचे तीन होतात, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावास्येला किंवा पौर्णिमेला साधारण सव्वाअकरा ते बारा. दुसरी भरती त्यानंतर सुमारे साडेबारा तासांनी येते, आणि भरतीपासून ओहोटी पूर्ण व्हायला सहा तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. मिनिटांचा हिशेब हवा असेल तर छापील भरती-ओहोटीचे तक्ते पाहावेत. मोरीचे काम या घड्याळावर ठरवावे. भरती चढण्याआधी मोरीच्या तोंडावर फडक्यात गुंडाळलेली वाळूची पिशवी दाबून ठेवावी, जमिनीवरचे धान्याचे डबे आणि गाद्या वर उचलाव्यात, जमिनीलगतच्या प्लगांची एमसीबी बंद करावी. ओहोटी लागूनही पाणी उतरले नाही, तरच चेंबर उघडून अडथळा शोधावा. हे पाणी घाण असते. पायाला जखम असेल तर त्यात उतरू नये. उतरावे लागलेच तर साबणाने पाय धुवावेत आणि पुढच्या दिवसांत ताप आल्यास डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगावी, कारण लेप्टोस्पायरोसिसचे निदान वेळेवर होणे महत्त्वाचे असते.

पिण्याचे पाणी आणि अन्न

रानसईचे धरण भरून वाहत असतानाही नळ कोरडा असू शकतो, कारण पाणी घरापर्यंत पोचायला वीज लागते. म्हणून लाइट गेल्यावर टाकीतले पाणी पहिल्या तासापासूनच मोजून वापरावे. पिण्याचे पाणी दोन दिवस पुरेल इतके झाकून वेगळे ठेवावे. गढूळ पाणी आधी फडक्यातून गाळावे, मग खळाखळा उकळी येऊ द्यावी आणि ती किमान एक मिनिट टिकू द्यावी.

फ्रिज बंद पडल्यावर दार उघडले नाही तर आतला थंडावा सुमारे चार तास टिकतो. त्यानंतर मासे, मटण, दूध आणि शिजवलेला भात यांच्याबाबतीत हळहळ करू नये. वास आला नाही म्हणून अन्न चांगलेच असते असे नाही. पोट बिघडलेले माणूस घरात असणे ही त्या आठवड्यात फेकलेल्या वाटीभर कालवणापेक्षा कितीतरी मोठी अडचण असते. अशा दिवसांत सुका जवळा, सुकट, कडधान्ये आणि पिठले-भात घराला तारून नेतात.

अंगावरचे अपघात

भाजले तर पहिली वीस मिनिटे सर्वांत मोलाची. भाजलेला भाग वाहत्या थंड पाण्याखाली धरावा, नळ नसेल तर तांब्याने सावकाश पाणी ओतत राहावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांतले काहीही लावू नये. बांगड्या आणि अंगठ्या सूज येण्याआधी काढाव्यात, फोड फोडू नयेत. तोंड, हात किंवा सांधा भाजला असेल, किंवा जखम तळहाताहून मोठी असेल तर दवाखाना गाठावा.

म्हातारे माणूस घसरून पडले आणि त्याला पायावर भार देता येत नसेल, तर ओढून उठवू नये. अंगावर पांघरूण घालून, धीर देत १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

बिळांत पाणी शिरले की साप कोरड्या जागेसाठी घरात येतात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि तिचा चावा पुष्कळदा दुखतही नाही. त्यामुळे या दिवसांत खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणी गादीखाली खोचणे हाच मोठा बचाव. दंश झाल्यावर कापणे, चोखणे, करकचून बांधणे, मांत्रिकाकडे नेणे यांत जीव जातो. चावलेला अवयव न हलवता, माणसाला चालू न देता ग्रामीण रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते. साप मारून बरोबर नेण्यात वेळ घालवण्याची गरज नाही. विंचवाचीही तीच गोष्ट. याच रायगड जिल्ह्यात, महाडकडे, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध गुणकारी असल्याचे दाखवले आणि एकेकाळी अनेकांचा बळी घेणारा हा दंश आटोक्यात आला. उपचार हाताशी असताना उशिरा पोचणे एवढाच धोका आता मुख्यतः उरला आहे.

माणसे आणि कामांची वाटणी

अशा आठवड्यात घरातले एखादे माणूस हमखास बाहेर अडकलेले असते. हवामान बिघडले की मोरा ते भाऊचा धक्का लाँच बंद राहते. १२ जानेवारी २०२४ ला उरणपर्यंत लोकल आल्यापासून दुसरी वाट झाली आहे, पण बंदरातल्या पाळ्या सांभाळणाऱ्यांना ऐनवेळी सुटी मिळतेच असे नाही. म्हणून कामे ऐनवेळेवर न सोडता आधी ठरवून वाटावीत. एकाने फक्त फोन आणि बाहेरची माणसे पाहावीत. एकाने मुले आणि वडीलधाऱ्यांजवळ राहावे. उरलेल्याने प्रत्यक्ष काम करावे, तेही एका वेळी एकच. शेगडी चालू असेल तोवर स्वयंपाकघरातले माणूस दुसऱ्या कोणत्याही हाकेला उठणार नाही, हा नियम सगळ्यांनी पाळावा. घरात एकटीच बाई असेल तर शेजारणीला पहिल्याच अडचणीला हाक मारावी. मदत मागायला संकोच केला की काम साचते आणि साचलेल्या कामातून घाई जन्मते.

वायरमन किंवा प्लंबर आला की घरभराची गाऱ्हाणी एकदम न सांगता कागदावर क्रमाने लिहून द्यावीत. वादळाने किंवा पुराने नुकसान झाले असेल तर आवराआवर करण्याआधी मोबाइलवर फोटो काढावेत आणि तलाठ्यांना कळवून पंचनामा करून घ्यावा. साफसफाई झाल्यावर पुरावा उरत नाही.

पावसाआधीची कामे

यातले बरेचसे त्रास मे महिन्यातच टळतात. कौले चाळून घ्यावीत, गच्चीच्या पन्हळीतला पाला काढावा, गंजलेले प्लग आणि बाहेरचे होल्डर बदलावेत, अर्थिंग तपासून घ्यावे. आरसीसीबीवरचे चाचणीचे बटण दाबून ती पडते का ते पाहावे. गॅसची नळी आणि कुकरची रिंग तपासावी, कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेवावीत. कागदावर ११२, १०८, १०१, १९०६ आणि १९१२ हे क्रमांक, त्यांच्याखाली वायरमन, प्लंबर, सर्पमित्र आणि दोन शेजाऱ्यांचे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून तो लहान मुलांच्याही नजरेला पडेल अशा ठिकाणी चिकटवावा. आठवडा सरल्यावर काय बिघडले, कोणी दुरुस्त केले आणि किती खर्च आला याची नोंद त्याच कागदाच्या मागे करावी. पुढच्या मे महिन्यात कोणती कामे आधी हातात घ्यायची, ते त्या नोंदीवरून ठरते.