बाबांचं पोट कुठं गेलं?

प्रश्न : आमची मुलगी साडेतीन वर्षांची आहे. गेल्या रविवारी रात्री आम्ही तिघं हॉटेलात गेलो. जेवण यायला अर्धा तास लागला. तोवर तिनं खुर्चीवर उभं राहून मिठाची बाटली उपडी केली, चमचा तीनदा खाली टाकला. शेवटी वेटरनं ऑर्डरच्या वहीतला एक कागद फाडून पेनसकट तिच्या हातात दिला आणि ती गप्प झाली. तिनं माझं चित्र काढलं. एक मोठा गोल, त्यात डोळे नि हसरं तोंड, गोलालाच खाली दोन लांब पाय आणि बाजूला दोन हात. पोट नाहीच! माझं पोट नजरेतून सुटावं असं नाही, हे तिची आईही सांगेल. मग ते तिला दिसलं कसं नाही? शेजारची मुलंही माणूस असाच काढतात. आणि जाता जाता, मोबाइल हातात न देता या वयाच्या मुलांना हॉटेलात नेता येतं का?
— एक बाबा, ठाणे

उत्तर : तुमचं पोट तिला दिसलेलं आहे. खात्री करायची तर विचारा, ‘बाबांचं पोट कुठंय?’ ती अचूक बोट लावेल, वर गुदगुल्याही करेल. गोंधळ कागदावर होतो, आणि तो तिचा एकटीचा नाही.

साधारण तीन ते चार वर्षांची पुष्कळ मुलं माणूस असाच काढतात. इंग्रजी आणि फ्रेंच अभ्यासक या आकृतीला ‘बेडूकमासा’ म्हणतात. जर्मन शब्दाचा अर्थ तर ‘डोक्याला पाय असलेला’ असाच होतो. मुलांची चित्रं अभ्यासाचा विषय होऊ शकतात, हे फार पूर्वी एका इटालियन कला-अभ्यासकाच्या लक्षात आलं. कोर्रादो रिच्ची बोलोन्या शहरात पावसापासून आडोसा म्हणून एका कमानीखाली उभे राहिले. तिथल्या भिंतीवर पोरांच्या रेघोट्या होत्या. त्या पाहता पाहता कुतूहल जागं झालं आणि 1887मध्ये त्यांचं मुलांच्या कलेवरचं पुस्तक निघालं. तेव्हा घरच्या भिंतीवर गिरगोट्या उमटल्या की ओरडण्याआधी क्षणभर रिच्चींना आठवा.

आता पोटाकडे येऊ. पहिली गोष्ट म्हणजे चित्र काढताना लेकीनं तुमच्याकडे बहुधा पाहिलंच नसेल. फ्रेंच अभ्यासक ल्युके यांनी स्वतःच्या मुलीची चित्रं वर्षानुवर्षं जपली आणि 1913मध्ये त्यांवर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की मूल डोळ्यांसमोर दिसतं ते काढत नाही, त्याला ठाऊक असतं ते काढतं. म्हणून मुलांच्या चित्रात घराच्या भिंतीआडची माणसं दिसतात आणि एका बाजूनं काढलेल्या गाडीला चारही चाकं असतात.

पण पोट ठाऊक असूनही येत नाही, ते का? इथं अभ्यासकांची मतं वेगळी पडतात. रुडॉल्फ आर्नहाइम म्हणतात, तो गोल म्हणजे नुसतं डोकं समजू नका. डोकं आणि धड अजून वेगळं न झालेला तो अख्खा माणूस आहे. नॉर्मन फ्रीमन यांचा भर आठवणीच्या क्रमावर आहे. वाण्याकडची तोंडी सांगितलेली यादी जशी पहिल्या आणि शेवटच्या जिनसांपुरती लक्षात राहते आणि मधला गूळ राहून जातो, तसं काहीसं घडतं. वरचं डोकं येतं, खालचे पाय येतात, मधलं धड निसटतं. क्लेअर गोलॉम्ब यांनी मुलांना एकेक अवयव सांगून चित्र काढायला लावलं, तेव्हा एरवी पोट विसरणाऱ्या मुलांनीही ते काढलं.

शिवाय हाताचीही बाजू आहे. मुलाला पाहून गोल काढणं जमतं साधारण तिसऱ्या वर्षी, चौकोन चौथ्याच्या आसपास आणि त्रिकोण पाचव्याच्या. म्हणजे तुमच्या लेकीच्या गाठीशी सध्या आहे एक गोल आणि काही सरळ रेघा. एवढ्याच भांडवलावर बाबा उभे करायचे, तर तिनं काटकसर छानच केली म्हणायची.

घरी तीन गंमती करून पाहा. एक, तिच्या त्याच चित्रात तिला बेंबी काढायला सांगा. काही मुलं ती गोलातच तोंडाखाली काढतात, काही दोन पायांच्या मधोमध. तिनं कुठं काढली, त्यावरून तिच्या लेखी पोट कुठं आहे ते कळेल. दुसरी, नवा कागद देऊन सावकाश सांगा : डोकं, मग पोट, मग हात, मग पाय. तिसरी गंमत स्वयंपाकघरातली. पोळ्यांच्या कणकेतला एक गोळा तिला द्या आणि बाबा करायला सांगा. पेन्सिलीनं न जमलेलं पोट कणकेत कधी कधी सहज येतं, कारण गोळ्यावर गोळा ठेवला की झालं. कणकेची चिमणी आपल्या आजीनंही करून दिलेली असते. पोळपाटापाशी हे चालत असताना चित्रकलेचा निराळा तास लागत नाही. मात्र भरपूर मीठ घालून करतात तो खेळण्याचा गोळा तोंडात जाऊ देऊ नका.

‘इथं पोट राहिलं बघ’ म्हणून तिच्या चित्रात स्वतः पोट काढून देण्याचा मोह मात्र टाळा. माणूस काढायची एकच बरोबर रीत नाही. वारली चित्रात टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे धड आणि डोकं म्हणजे वर एक चिमुकला गोल. तुमच्या लेकीच्या अगदी उलट हिशेब! त्याच वारली मुलुखात, बोर्डी आणि पुढे कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाड्या चालवल्या. पानं, फुलं, बिया, खडे, शिंपले असं आसपास मिळणारं सामान त्यांनी शिकवण्याचं साधन केलं. महागडा रंगसंच नाही म्हणून कुणाचं मूल मागं पडत नाही.

आता हॉटेलाचं. मोबाइल न देता निभावतं का, याचं उत्तर तुमच्या वेटरनंच दिलं आहे. साडेतीन वर्षांच्या मुलाला त्रास जेवणाचा नसतो, वाट पाहण्याचा असतो. खुर्ची मोठ्यांच्या मापाची, पाय लोंबकळतात, हाताला काम नाही आणि पोटात भूक. तेव्हा वाट पाहणं कमी करा आणि उरलेल्या वेळेला काम द्या. रविवारी रात्री नऊला नंबर लावण्यापेक्षा तिच्या रोजच्या जेवणाच्या वेळी जा. उडुपी हॉटेलातली इडली किंवा थाळी लवकर समोर येते. भाजी-रोटीच्या ऑर्डरला वेळ लागणार असेल, तर तिच्यापुरतं आधी मागवा. पिशवीत चार कोरे कागद आणि दोन-तीन मेणखडू ठेवा. आल्याबरोबर काढू नका, ती कंटाळायला लागली की काढा. दोन ते चार वर्षांच्या मुलांचा बसून स्क्रीन पाहण्याचा वेळ दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2019मध्ये सांगितलं आहे. हॉटेलातली एक संध्याकाळ तो सगळा तास सहज खाऊन टाकते.

खाण्याबद्दल एक. अनोळखी पदार्थाला नकार देणं या वयात अगदी स्वाभाविक आहे आणि एकच पदार्थ आठ-दहा वेळा समोर आल्यावर मग तो चाखला जाणंही तितकंच. नव्या जागी नवा पदार्थ म्हणजे तिला दुहेरी परीक्षा. म्हणून तिच्या ताटात ओळखीचं काहीतरी असू द्या, इडली, दहीभात किंवा साधा वरणभात, आणि कडेला तुमच्या भाजीचा एक घास. काय वाढायचं ते तुम्ही ठरवा. खायचं की नाही आणि किती, ते तिला ठरवू द्या. ‘एवढं संपव, मग आइस्क्रीम’ हा सौदा करू नका, त्यानं भाजीची किंमत उतरते आणि आइस्क्रीमची वाढते.

सावधगिरी मात्र तुमचीच. वाफाळतं सूप, चहा, सिझलरचा तवा टेबलाच्या काठापासून दूर. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नका, ते घशात अडकू शकतात. टेबलावर आधी येणाऱ्या बशीत नेमके तेच असतात.

राहिलं ते चित्र. ऑर्डरच्या वहीतला तो कागद तेलकट झाला असेल तरी टाकू नका. मागच्या बाजूला पेन्सिलीनं तारीख आणि तिचं वय लिहा आणि दर दोन-तीन महिन्यांनी तिला बाबा काढायला सांगा. पाय आधी खाली सरकतील, मधे एक रेघ येईल, एखाद्या दिवशी दुसरा गोल येईल, त्यावर कदाचित शर्टाची बटणंही. बहुतेक मुलांच्या चित्रात पाचव्या वर्षाच्या सुमारास पोट आलेलं असतं. तोवर त्या कागदावर तरी तुम्ही सडपातळ आहात, तो जपून ठेवा.