गंज आणि मोटारीचा कणा

भारतातील अनेक गावांत व शहरांत एखाद्या वाड्याच्या आवारात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीने झाकलेली जुनी मोटार उभी असते. बहुधा ती अँबॅसडर, फियाट किंवा पद्मिनी असते. घरातील कोणीतरी तरुण एके दिवशी ती पुन्हा चालती करावयाचे ठरवितो. त्याच्या मनात प्रथम येतो तो रंग. परंतु रंग हे या कामातील शेवटचे पाऊल होय. पहिला प्रश्न निराळाच असतो : गंज कोठवर पोहोचला आहे? या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढील सर्व श्रम, खर्च आणि गाडीत बसणाऱ्यांची सुरक्षितता अवलंबून असते.

गंज कसा लागतो

लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले म्हणजे गंज तयार होतो. ही क्रिया विद्युत्-रासायनिक स्वरूपाची आहे. पाण्यात मीठ विरघळलेले असेल तर त्यातून विद्युत्प्रवाह सहज वाहतो आणि क्रियेचा वेग वाढतो. म्हणूनच रत्नागिरी किंवा पुरी येथील मोटार बिकानेरमधील मोटारीपेक्षा लवकर गंजते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या खाली असेल तर गंज फार सावकाश वाढतो. ताडपत्री पाऊस अडविते, पण जमिनीतून वर येणारा ओलावाही कोंडून ठेविते. त्यामुळे झाकलेली गाडी पुष्कळदा खालूनच सडते.

गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक असते. रंगाखाली लहान फुगवटा दिसला तर आतला गंज पत्र्याला व रंगाला बाहेर ढकलत आहे असे समजावे. वरचा फोड घासून त्यावर नवा रंग दिल्याने ही क्रिया थांबत नाही. ती फक्त दृष्टीआड होते.

गाडीचा कणा कोणता?

मद्रास (आताचे चेन्नई) येथे १९६१ पासून तयार होऊ लागलेल्या स्टँडर्ड हेराल्ड गाडीला स्वतंत्र चासी होती. तिच्यावर बॉडी बोल्टांनी बसविलेली असे. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार झालेली अँबॅसडर, तसेच मुंबईतील कुर्ला येथे बनलेली फियाट ११०० आणि तिचीच पुढची आवृत्ती असलेली पद्मिनी यांची रचना वेगळी आहे. त्यांना अशी सुटी चासी नाही. तळाचा पत्रा, दारांखालील पोकळ तुळया आणि छताचे खांब एकमेकांस वेल्ड केलेले असून सर्व भार तेच पेलतात. बॉडी हाच त्यांचा कणा होय. दाराचा पत्रा सडला तर गाडी कुरूप दिसेल. दाराखालची तुळई सडली तर धक्का बसताच गाडी दुमडू शकेल. हा भेद नवशिक्याने प्रथम समजून घ्यावा.

तपासणी

आसने, गालिचे व रबरी चटया बाहेर काढाव्यात. साध्या लोहचुंबकाला कापड गुंडाळून तो पत्र्यावरून फिरवावा. जेथे तो चिकटत नाही तेथे पूर्वी कोणीतरी भोक लांबीने बुजविले आहे असे समजावे. नंतर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जावे. निरोगी पत्रा टणत्कार करतो, सडलेला बद्द आवाज देतो. दारांच्या खालच्या कडा, दारांखालील तुळया, पुढच्या काचेच्या रबराखालची खाच, बॅटरीची बैठक, डिकीचा तळ, चाकांवरील कमानी आणि जॅक लावण्याच्या जागा या ठिकाणी विशेष लक्ष द्यावे.

प्रत्येक ठिकाणी खडूने १, २ किंवा ३ असा आकडा लिहावा. १ म्हणजे केवळ वरचा, घासून निघणारा गंज. २ म्हणजे खड्डे पडलेला, परंतु अद्याप टणक पत्रा. ३ म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचे टोक आरपार जाईल असा पत्रा. दारांखालील तुळया किंवा चाकांच्या स्प्रिंगांचे आधार यांवर ३ हा आकडा पडला तर तेथेच थांबावे आणि वेल्डिंगच्या अनुभवी कारागिराकडून खर्चाचा अंदाज घ्यावा. हा अंदाज न घेताच संपूर्ण गाडी खोलणाऱ्यांची गाडी पुष्कळदा पुन्हा जोडली जात नाही आणि डब्यांत भरलेले सुटे भाग अखेर भंगारात जातात.

कागदपत्रांची तपासणीही याच टप्प्यावर करावी. पत्र्यावर कोरलेला चासी क्रमांक कधीही घासून नाहीसा करू नये. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार अशा वाहनाची चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. म्हणून मूळ आकार कायम ठेवावा, कामापूर्वीची व कामानंतरची छायाचित्रे जपावीत आणि आरंभीच परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

गंज काढणे

एका वेळी गाडीचा एकच भाग हाती घ्यावा. काढलेले नट-बोल्ट वेगळ्या डब्यात ठेवून त्यावर चिठ्ठी लावावी. १ क्रमांकाचा गंज तारेच्या ब्रशाने व पॉलिश पेपरने निघतो.

बिजागऱ्या, कंस यांसारख्या लहान पोलादी वस्तूंसाठी विद्युत्-विच्छेदन उपयुक्त ठरते. प्लास्टिकच्या बादलीतील पाण्यात दर लिटरला सुमारे एक चमचा धुण्याचा सोडा विरघळवावा. गंजलेली वस्तू १२ व्होल्टच्या चार्जरच्या ऋण टोकास आणि साध्या लोखंडाचा निरुपयोगी तुकडा धन टोकास जोडावा. दोन्ही पाण्यात ठेवावेत, पण त्यांचा एकमेकांस स्पर्श होऊ देऊ नये. टोकांची अदलाबदल झाली तर वस्तूच झिजते. स्टेनलेस स्टीलचा तुकडा वापरू नये, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे तयार होतात. या क्रियेत हायड्रोजन निघतो. म्हणून काम मोकळ्या हवेत, ज्योतीपासून दूर करावे. ॲल्युमिनियमचे भाग व स्प्रिंगा या बादलीत घालू नयेत.

२ क्रमांकाच्या खड्ड्यांत ब्रश पोहोचत नाही. तेथे फॉस्फरिक आम्लयुक्त द्रव लावतात. तो गंजाचे लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर करतो. दिल्लीतील मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे टिकून आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक असल्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा संरक्षक थर निर्माण झाला आहे. प्राचीन लोहारांच्या भट्टीत जे लोखंडातच उतरले, तसेच काहीसे संरक्षण येथे बाहेरून दिले जाते.

३ क्रमांकाचा पत्रा मात्र कापून बदलावाच लागतो. नवशिक्याने पुठ्ठ्याचा नमुना कापून जागेवर बसवून पाहावा आणि त्यावरून नवा पत्रा तयार करावा. भार पेलणाऱ्या भागांचे वेल्डिंग कारागिराकडूनच करून घ्यावे. दाराखालची तुळई कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत लोखंडी आधार बसवावा आणि एका वेळी एकच बाजू कापावी. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर गाडी मध्येच वाकते आणि दारे पुन्हा नीट लागत नाहीत.

धोके

जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. तिला मजबूत घोड्यांचा आधार द्यावा. वेल्डिंगपूर्वी बॅटरी व पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवावी. रिकामी टाकी निर्धोक नसते, कारण तिच्यात उरलेली वाफ पेट घेते. जुन्या रंगात शिसे आणि जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते. तेथील धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी आणि योग्य मुखपट्टी वापरावी.

कामाचा हंगाम

उघडा केलेला पत्रा दमट हवेत एका रात्रीत तांबूस होतो. म्हणून जेथे नैर्ऋत्य मोसमी पाऊस पडतो तेथे हे काम दसऱ्यानंतर सुरू करावे. जेवढा पत्रा एका दिवसात साफ होईल तेवढ्यालाच त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर द्यावा. साधा प्रायमर ओलावा शोषतो, त्यामुळे त्यावर विसंबून गाडी पावसाळाभर ठेवू नये. दारांच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे मोकळी करावीत आणि पोकळ तुळयांत मेणयुक्त संरक्षक द्रव फवारावा.

पहिल्या हंगामाच्या अखेरीस गाडी बहुधा करड्या प्रायमरमध्येच उभी असेल. पाहणाऱ्यांना काम अर्धवट वाटेल. परंतु तिच्या तुळया ठोकल्यावर टणत्कार होत असेल आणि चारही दारे सहज लागत असतील, तर कामाचा कठीण भाग पार पडला आहे असे समजावे. यानंतर ब्रेक, इंजिन आणि सर्वांत शेवटी रंग यांचा क्रम येतो.