पंगतीत कोण राहून गेले?

अभ्यासपाठ : श्रद्धा, प्रार्थना आणि सेवा
वाचन : प्रेषितांची कृत्ये ६:१-७
(घरातील सर्वांनी एकत्र बसून हा उतारा आधी मोठ्याने वाचावा, मग पुढील पाठ घ्यावा.)



आपला नाशिक धर्मप्रांत १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. नाशिक, अहिल्यानगर, धुळे, नंदुरबार आणि जळगाव हे पाच जिल्हे त्यात येतात. नगर जिल्ह्यात कितीतरी गावांमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांची ख्रिस्ती वस्ती आहे. आपल्या खानदेशात तसे नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक शंभरात जेमतेम एक आहेत आणि जळगाव-धुळ्यात हे प्रमाण त्याहूनही कमी आहे.

मंडळी लहान असली की दोन समज सहज रुजतात. पहिला : आपण मूठभर, आपल्या हातून कसली सेवा होणार? दुसरा : आपण सगळे एकमेकांना ओळखतो, तेव्हा आपल्यात कोणी दुर्लक्षित राहणे शक्यच नाही. आजच्या पाठात पवित्र शास्त्राच्या उजेडात हे दोन्ही समज तपासून पाहू.

१. पहिल्या मंडळीतील कुरकुर

येरुशलेमची पहिली मंडळी प्रार्थनेत दृढ होती, भाकर मोडत होती, आपली मालमत्ता वाटून घेत होती. तरीही सहाव्या अध्यायाची सुरुवात कुरकुरीने होते. रोजच्या अन्नवाटपात काही विधवा वगळल्या जात होत्या. कोणत्या विधवा? ग्रीक बोलणाऱ्या. ज्यांची भाषा स्थानिक होती त्यांना मिळत होते. ज्या बाहेरून येऊन स्थायिक झाल्या होत्या त्या राहून जात होत्या. कोणी मुद्दाम अन्याय केला असे शास्त्र सांगत नाही. वाढणाऱ्याची नजर ओळखीच्या चेहऱ्यांवर आधी जाते आणि तेवढ्यात कोपऱ्यातले पान रिकामे राहते. आपल्याकडच्या लग्नाच्या पंगतीतही हेच होते.

आता आपल्या मिस्सेकडे पाहू. नगर-जालन्याकडून नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबे, रेल्वेच्या किंवा दवाखान्याच्या नोकरीमुळे आलेले तमिळ आणि मल्याळी बांधव, कोकणी बोलणारे गोवेकर, सातपुड्याकडून आलेली भिल्ल आणि पावरा कुटुंबे. बाहेर बाजारात अहिराणी चालते, वेदीवर मराठी. यांपैकी कोण मिस्सा संपताच कोणाशी न बोलता निघून जाते? कोणाच्या घरचे आजारपण आपल्याला महिन्याने कळते? मंडळी लहान म्हणून प्रत्येकाची दखल घेतली जातेच, असे नाही. उलट लहान मंडळीत ज्याच्याकडे लक्ष जात नाही त्याला ते अधिक लागते.

२. प्रेषितांनी काय केले?

प्रेषितांनी कुरकुर दडपली नाही. "तुमचा विश्वास कमी पडतो" असेही ते म्हणाले नाहीत. त्यांनी सर्व शिष्यांना एकत्र बोलावून सात जण निवडायला सांगितले. या सात जणांसाठी तीन अटी होत्या : लोकांत चांगले नाव, पवित्र आत्म्याने भरलेले जीवन आणि शहाणपण. भाकरी वाटण्याच्या कामासाठी एवढ्या अटी! याचा अर्थ असा की, हे काम कोणीही उरकावे अशा योग्यतेचे त्यांनी मानले नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मूळ ग्रीक उताऱ्यात रोजच्या वाटपासाठी जो शब्द आहे, तोच शब्द प्रेषितांच्या वचनसेवेसाठीही आला आहे : दियाकोनिया, म्हणजे सेवा. कामे दोन, माणसे वेगवेगळी. शब्द मात्र एकच.

दुसरी गोष्ट निवडलेल्यांच्या नावांची. स्तेफन, फिलिप, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा निकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, जबाबदारी बहुतेक त्यांच्याच लोकांकडे सोपवण्यात आली असावी. "आम्ही तुमची काळजी घेऊ" एवढ्यावर मंडळी थांबली नाही. वाटपाचा चमचाच तिने त्यांच्या हाती दिला. मग प्रेषितांनी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले. याच सातांपैकी स्तेफन पुढे पहिला रक्तसाक्षी झाला. त्याचा सण आपण नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला पाळतो.

तिसरी गोष्ट आपल्यासारख्या लहान धर्मग्रामासाठी महत्त्वाची आहे. सगळे आपणच करू शकत नाही, हे प्रेषितांनी उघडपणे मान्य केले. आपल्याकडे काय होते? धर्मगुरू, सिस्टर्स आणि दोन-तीन उत्साही माणसे यांच्यावरच सगळा भार पडतो. ती थकली की काम थांबते आणि आपण हळहळतो. सातव्या वचनात सांगितले आहे की, या वाटणीनंतर देवाच्या वचनाचा प्रसार झाला आणि शिष्यांची संख्या वाढली. वाटप नीट झाले तेव्हा वचनही पसरले.

३. रविवारची मिस्सा आणि रविवारची पेटी

संत पौलाने करिंथच्या मंडळीला सांगितले होते की, आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे (१ करिंथ १६:१-२). हे पैसे येरुशलेममधील गरजू बांधवांसाठी होते. मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः दारिद्र्यात असूनही त्यांनी आग्रहाने भाग घेतला, याचा पौल अभिमानाने उल्लेख करतो (२ करिंथ ८:१-५). "आपण मूठभर आणि गरीब" या समजाला यातच उत्तर मिळते.

पुढे इ. स. १५५ च्या सुमारास रोममध्ये संत जस्टिन याने सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहिले. वाचन, प्रवचन, सर्वांसाठी प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस, मग ख्रिस्तशरीराचे वाटप. जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी सेवक ते पोहोचवत. त्यानंतर लगेच तो वर्गणीबद्दल लिहितो. ज्याला जमेल तो इच्छेप्रमाणे देई आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातील कैदी आणि परगावाहून आलेले पाहुणे यांना मदत होई. रोममधील ख्रिस्ती लोक तेव्हा थोडेच होते आणि त्यांच्या डोक्यावर छळाची तलवार होती. तरी उपासना आणि मदत यांचे वर्णन त्याने एकाच ओघात केले. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीही २५ डिसेंबर २००५ च्या आपल्या पहिल्या परिपत्रकात हेच शिकवले : वचनाची घोषणा, संस्कार आणि प्रीतीची सेवा ही ख्रिस्तसभेची तीन कामे एकमेकांपासून तोडता येत नाहीत.

४. परक्याला जागा

जस्टिनच्या यादीतील शेवटचे नाव परक्याचे आहे. आपल्या भागात या शब्दाला एक दुखरी आठवण चिकटलेली आहे. १ जुलै २०१८, रविवारचा दिवस. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजारात आलेल्या, भिक्षा मागून जगणाऱ्या भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. मेलेल्यांचा दोष एवढाच की, त्यांना तेथे कोणी ओळखत नव्हते. मिस्सेला जाणाऱ्या प्रत्येकाने त्या दिवसाची आठवण ठेवून स्वतःला विचारावे : अनोळखी माणूस दारात आला की माझ्या मनात आधी काय येते? त्याच्याविषयीचा निरोप मोबाइलवर आला तर मी तो खरा की खोटा हे न पाहता पुढे पाठवतो का? प्रभू येशूने तर न्यायाच्या दिवशी आपल्याला ज्यांच्यावरून तपासले जाईल त्यांत परक्याला धरले आहे (मत्तय २५:३५).

याच खानदेशाशी जोडलेली एक वेगळी आठवणही आहे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले होते. धरणगावात जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सतरा वर्षांच्या मुलाने तेथे कविता म्हटली आणि तो 'बालकवी' म्हणून ओळखला जाऊ लागला. संमेलनाला रेव्हरंड नारायण वामन टिळक आले होते. पुढे हा मुलगा अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्याच्या आठवणी आहेत. टिळक प्रॉटेस्टंट पंथाचे, घर काही श्रीमंतांचे नव्हे. हिंदू घरातील एका मुलासाठी त्यांनी जागा केली आणि मराठी कवितेचे भले झाले. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वे अपघातात बालकवी वारले, तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. ज्याला घरात घेतो त्याचे पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक नसते. जागा करणे तेवढे आपल्या हाती असते.

५. या आठवड्यात काय करावे?

(अ) लहान ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत रोझरीनंतर दहा मिनिटे काढा. गेले तीन रविवार कोण दिसले नाही, त्यांची नावे लिहा. दोघादोघांनी त्यांच्या घरी जा. जाब विचारू नका, विचारपूस करा.

(आ) दिवाळीनंतर आपल्या भागातील अनेक आदिवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. त्यांचा नाताळ फडावर होतो. ती निघण्यापूर्वी त्यांच्यासाठी प्रार्थना करा आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्या आईवडिलांकडे कोण लक्ष देणार ते ठरवा.

(इ) सिव्हिल हॉस्पिटलमध्ये सातपुड्यातून आलेले नातेवाईक दिवसेंदिवस बाहेर बसून असतात. केसपेपर कोठे काढायचा, औषध कोणत्या खिडकीवर मिळते, हे त्यांना कळत नाही. आपल्यापैकी ज्यांना पावरी किंवा अहिराणी येते त्यांनी आठवड्यातून एक तास तेथे द्यावा. बाकीच्यांनी एक डबा जास्त करावा.

(ई) वाचन, श्रद्धावंतांच्या प्रार्थना आणि गायन यांत मागे राहणाऱ्या कुटुंबांना जबाबदारी द्या. एखादी प्रार्थना त्यांच्या भाषेत होऊ द्या.

चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत 'ग्रीक विधवा' कोण आहेत? त्यांना काय हवे, हे आपण कधी विचारले का?
२. गेल्या महिन्यात मी कोणत्या अशा घरी गेलो, जेथे माझे नातेवाईक नाहीत?
३. कोणते काम आपण दोन-तीन जणांवर टाकून मोकळे झालो आहोत?

प्रार्थना

हे प्रभो, तू थोड्या भाकरींनी पुष्कळांना तृप्त केलेस. आम्ही थोडे आहोत, हे तुला ठाऊक आहे. जे आमच्या नजरेतून सुटले त्यांची नावे आम्हाला दाखव. तुझ्या वेदीवरून जे घेतो ते त्यांच्यापर्यंत नेण्याचे बळ आम्हाला दे. आमेन.