सहावीची शाळा आणि संध्याकाळचं मैदान

लेक पाचवीत आहे, येत्या जूनमध्ये सहावीत जाईल आणि तुम्ही दोघं आत्तापासून शाळा बदलायच्या विचारात आहात, असं वहिनीकडून कळलं. घराजवळच्या शाळेला मैदान नाही. दादरच्या शाळेजवळ मैदान आहे, पण रोजचा प्रवास आहे. महापालिकेच्या शाळेत फी नाही, पण सूनबाईच्या मनात धाकधूक आहे. त्यात पोरीला खो-खोची गोडी लागलीय. मी नोकरीची सगळी वर्षं परळ भागातल्या शाळेत पी.टी.ची बाई होते. तेव्हा आत्या आणि बाई, दोन्ही नात्यांनी सांगते ते नीट ऐका.

आपल्या भागात शाळेपेक्षा मंडळातच खेळाडू जास्त घडतात, हे आधी ध्यानात घ्या. गिरगाव काय, लालबाग काय, शाळा उभ्या राहिल्या त्या दाटीवाटीच्या गल्ल्यांत. आवार म्हणजे प्रार्थनेला पोरं उभी राहतील एवढंच. कबड्डी आणि खो-खो वाढले ते चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत आणि मंडळांच्या मैदानांवर. गिरण्या, रेल्वे, बँका चांगल्या खेळाडूंना नोकरी देत, म्हणून आईबापही पोराला संध्याकाळी मैदानावर सोडत. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, पुढे गिरण्या गेल्या आणि त्या जागी टॉवर आले. तरी कितीतरी मंडळं टिकली. दादरचं अमर हिंद मंडळ आहे, शिवाजी पार्कचं श्री समर्थ व्यायाम मंदिर आहे, वडाळा-नायगावचं भारतीय क्रीडा मंदिर आहे, ना. म. जोशी मार्गावरचा श्रमिक जिमखाना आहे. समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब शिकवणाऱ्या उदय देशपांडे सरांना २०२४मध्ये पद्मश्री मिळाली. अशी माणसं आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत, हे पोरांचं भाग्य आहे.

म्हणून मी पालकांना नेहमी सांगत आले, की आधी मंडळ ठरवा आणि मग त्या मंडळाशी जुळणारी शाळा शोधा. मैदान असलेल्या शाळेच्या मागे धावताना लोक अधिवेशनाची वेळ विचारायलाच विसरतात. मंडळाचा सराव बहुतेक ठिकाणी संध्याकाळी सहाच्या सुमाराला सुरू होतो. शाळा दुपारच्या अधिवेशनात भरत असेल आणि सुटायलाच सहा वाजत असतील, तर पोरगी दप्तर घेऊन धापा टाकत मैदानावर पोचेल तेव्हा धावण्याचा सराव संपलेला असेल. चार महिने ती तशी जाईल आणि पाचव्या महिन्यात खेळ सोडेल. सकाळची शाळा असली तर दुपारी जेवण, थोडी झोप, गृहपाठ आणि मग मैदान, असा दिवस नीट बसतो. काही शाळा सहावीपासून अधिवेशन बदलतात. तेव्हा आत्ताची वेळ विचारून थांबू नका, सातवी-आठवीची वेळही आत्ताच विचारून ठेवा.

लोक तुम्हाला सचिन तेंडुलकरचं उदाहरण देतील. ते उदाहरण चांगलं आहे, पण पुरतं समजून घ्या. तो वांद्र्याला शिकत होता. १९८४ साली थोरल्या भावानं, अजितनं, त्याला शिवाजी पार्कवर क्रिकेट शिकवणाऱ्या आचरेकर सरांकडे नेलं. सरांनी पोरगा पाहिला आणि मग शारदाश्रम विद्यामंदिरात घालायला सांगितलं. शाळा बदलली तेव्हा सचिन अकरा वर्षांचा होता, म्हणजे साधारण आपल्या पोरीएवढाच. फेब्रुवारी १९८८मध्ये हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात त्यानं आणि विनोद कांबळीनं ६६४ धावांची भागीदारी केली, ती सगळ्यांना पाठ असते. त्याआधी काय घडलं होतं ते कुणी सांगत नाही. पोराची ओढ आधी मैदानावर दिसली, जाणत्या गुरूनं ती पारखली आणि त्यानंतर शाळा बदलली. शिवाय वांद्र्याहून येण्याजाण्याचा त्रास नको म्हणून तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला आला. घर, शाळा आणि मैदान चालण्याच्या अंतरात आणून ठेवलं, ही त्या घराची खरी शहाणीव होती.

अंतराकडे म्हणूनच बारकाईनं बघा. आता मेट्रो झाली, गिरगावहून दादर जवळ आलं, हे खरं. पण अकरा वर्षांच्या मुलीनं एकटीनं जायचं तर मी पहिली पसंती पायी जाता येईल अशाच शाळेला देईन आणि दुसरी एका बसच्या रस्त्याला. रेल्वेची पूर्व-पश्चिम ओलांडायची असेल तर दहादा विचार करा. परळ आणि प्रभादेवीला जोडणारा जुना पूल सप्टेंबर २०२५मध्ये पाडकामासाठी बंद झाला, तेव्हा किती घरांचं येण्याजाण्याचं गणित एका दिवसात कोलमडलं ते तुम्ही पाहिलंच आहे.

आता शाळा बघायला जाल तेव्हा मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या काचेच्या कपाटापुढे उभे राहा आणि चषकांवरची सालं वाचा. सगळे चषक वीस वर्षांपूर्वीचे असतील तर ते शिकवणारे सर कधीच निवृत्त झालेत. साल अलीकडचं असेल तर विचारा, गेल्या वर्षी शाळेतून एकंदर किती मुलं वेगवेगळ्या स्पर्धांना गेली. तीच तीच बारा मुलं कबड्डीलाही जातात, धावण्यालाही जातात आणि बाकीची शाळा टाळ्या वाजवते, अशी शाळा मला आवडत नाही. सहावी ते आठवी हे वय निवडीचं नाही, सगळ्यांनी सगळं खेळून बघायचं आहे. आपली पोरगी आज खो-खो म्हणते, उद्या तिला मल्लखांबाची दोरी आवडेल किंवा महात्मा गांधी तलावात पोहणं आवडेल. ती दारं उघडी ठेवणारी शाळा हवी.

पी.टी.चा तास खरंच होतो का, हे शिक्षकांना विचारू नका, पोरांना विचारा. गेटवर शेंगदाणे खात उभ्या असलेल्या सातवीतल्या पोराला विचारलंत तर तो खरं सांगेल. कित्येक शाळांत वेळापत्रकात तास असतो, पण परीक्षा जवळ आली की तो गणिताला जातो. मैदानावरही नजर टाका. फक्की ताजी आहे का, खो-खोचे खांब हलतात का, तासाला किती मुलं पळतायत आणि किती कडेला बसलीयत. पावसाळ्यात काय करता, हेही विचारा. आपल्याकडे शालेय स्पर्धांचा मोसम पावसातच सुरू होतो. तेव्हा हॉल किंवा गच्चीवर आडोसा नसेल तर जून ते सप्टेंबर पोरं वर्गातच बसून राहतात.

खेळाचे शिक्षक कायम आहेत का, हा प्रश्न पालक लाजून विचारत नाहीत. विचारा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य असावं असं लिहिलेलं आहे. सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तर शारीरिक शिक्षणासाठी निदान अर्धवेळ शिक्षक असावा, असंही त्यात आहे. मराठी शाळांचा पट घसरतो तशी शिक्षकांची पदं कमी होतात, आणि त्यात खेळाच्या शिक्षकाचं पद लवकर जातं. म्हणून पट किती, हे विचारणं म्हणजे खेळाचं पुढच्या तीन वर्षांचं भविष्य विचारणंच. चांगल्या मराठी शाळा पटाअभावी क्षीण होताना मी पाहिल्या आहेत आणि त्याचं मला फार दुःख आहे. जवळच्या मराठी शाळेत मनापासून खेळ घेणारे सर किंवा बाई असतील, तर इंग्रजी नावाच्या पाटीसाठी ती शाळा सोडू नका.

महापालिकेच्या शाळेबद्दल सूनबाईला मुद्दाम सांगते. अगं, नाक मुरडण्याआधी एकदा आत जाऊन ये. तिथे फी नाही, आणि वह्या, गणवेश, दप्तर, बूट धरून सत्तावीस वस्तू मोफत मिळतात. आता सीबीएसई आणि आयसीएसईच्याही महापालिका शाळा सुरू झाल्यात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका असायला हव्यात. तू समितीत गेलीस तर मैदानाची वेळ, साहित्य, तास, सगळ्याबद्दल हक्कानं बोलू शकशील. एक मात्र पाहा. तिथल्या कितीतरी शाळा आठवीपर्यंतच आहेत. आठवीनंतर पुन्हा शाळा बदलली की जमलेला संघ मोडतो. पुढे नववी-दहावी कुठे, हे आधी ठरवूनच पाऊल टाका.

शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांतून मोठ्या शाळेत घालू, असं कुणी सांगितलं तर त्यात वेळ घालवू नका. त्या जागा पहिलीच्या किंवा त्याआधीच्या प्रवेशाच्या वेळी असतात, सहावीत नाहीत. आणि प्रवेश देताना शाळा पोरीची किंवा तुमची मुलाखत घेऊन निवड करू लागली, तर कायद्यानं ते चालत नाही, एवढं माहीत असू द्या.

मुलींच्या आयांनी नीट ऐकावं असं आता सांगते. सहावीत वर्गातल्या निम्म्या मुली धावत असतात, आठवीत मोजक्याच उरतात. मुली आपणहून थांबतात असं मला कधी वाटलं नाही, आपण त्यांना थांबवतो. पाळी सुरू झाली की घरचे म्हणतात, आता पुरे. मैदानाजवळ स्वच्छ स्वच्छतागृह नसतं, कपडे बदलायला आडोसा नसतो, स्पर्धेला नेताना बरोबर बाई नसते. मुलगी लाजते आणि गप्प बसते. म्हणून शाळेत आणि मंडळात, दोन्हीकडे विचारा, की मुलींच्या संघाबरोबर स्त्री शिक्षिका किंवा प्रशिक्षिका जाते का. स्वच्छतागृह स्वतः जाऊन बघा, कुणी सांगितलं त्यावर विसंबू नका. मंडळात मोठ्या मुली खेळत असतील तर ते मंडळ चांगलं. मोठ्या मुली जिथे टिकतात तिथे धाकट्यांची काळजी घेतली जाते, हा माझा पक्का अनुभव आहे. घरीही सांभाळा. सरावाआधी केळं, नाहीतर गूळ-शेंगदाणे, आल्यावर पोटभर जेवण. मुलीचं वजन, रंग, उन्हानं करपलेले हात यांवर घरात एक शब्द कुणी काढायचा नाही.

खो-खो आहे म्हणून मन छोटं करू नका. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला, आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्रातले. क्रिकेटचं किट हजारोंच्या घरात जातं. खो-खोला चांगले बूट आणि गुडघ्याची पट्टी पुरते. साध्या पगाराच्या घराला हे परवडतं, आणि पळणं, वळणं, हुलकावणी देणं यानं शरीर कसं चपळ होतं ते तुम्हाला वर्षभरात दिसेल.

शालेय स्पर्धांचे वयोगट चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे. पोरीला चौदाखालच्या गटात अजून तीनेक वर्षं खेळता येईल. जन्मतारखेचा दाखला आणि शाळेच्या रजिस्टरमधली तारीख एकच आहे ना, ते आत्ताच तपासा. त्या एका आकड्यानं ऐन स्पर्धेच्या सकाळी मुलं बाहेर बसलेली मी पाहिली आहेत. चाचणीच्या दिवशी स्पर्धा आली तर शाळा पुन्हा चाचणी घेते का, हे मुख्याध्यापकांना थेट विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर त्या शाळेत खेळाला मान नाही असं समजा.

दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत गुणवंत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, हे सगळं खरं आहे. पण त्या लोभानं अकरा वर्षांच्या पोरीला मैदानावर ढकलू नका. रोज संध्याकाळी ती हसत जाते का, एवढंच तीन वर्षं बघा.

माझं मत विचाराल तर घराजवळची सकाळची अनुदानित शाळा आणि चालत जाता येईल असं मंडळ. मैदानवाली लांबची शाळा मी या वयात घेणार नाही. तरी शेवटचा निर्णय बघून करा. वार्षिक परीक्षेच्या आधी एक सकाळ तिन्ही शाळांना आणि एक संध्याकाळ मंडळाला द्या. पोरीला बरोबर न्या आणि तिला तासभर खेळू द्या. घरी आल्यावर तुम्ही दोघं बोलण्याआधी तिचं ऐका. शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज निकाल लागताच द्या. जूनमध्ये कार्यालयासमोर रांग लागते.