वडिलांच्या चाली, चाहत्यांचा हट्ट

प्रश्न : माझे दिवंगत वडील भजनगायक होते, चाली त्यांच्याच. मी त्या जरा वेगळ्या गायलो की त्यांचे चाहते चिडतात. शिवाय काही जण परस्पर ध्वनिफिती विकतात. काय करावे?
– एक वाचक, नवापूर

उत्तर : चाहत्यांचा राग प्रेमातूनच येतो, पण त्या प्रेमाने मालकी मिळत नाही. उदाहरण घ्या : संगीतकार-गायक सुधीर फडके २००२ मध्ये गेले. त्यांचे पुत्र श्रीधर फडके वडिलांचे ‘गीतरामायण’ गातात, पण संगीतकार म्हणून ‘ओंकार स्वरूपा’, ‘ऋतु हिरवा’ ही त्यांची स्वतःची ओळख आहे. मला हीच वाट पटते. एखादे भजन वडिलांच्या मूळ चालीत गा, पुढचे खुशाल तुमच्या ढंगात. दोन्हींची सरमिसळ केलीत, तर मात्र कुरकुर ऐकावीच लागेल.

आता विक्रीचे. चालीवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. मृत्युपत्र नसेल तर तो सर्व वारसांचा, एकट्या तुमचा नव्हे; म्हणून आधी आई-भावंडांशी लेखी ठरवा. मग विकणाऱ्यांना नोटीस द्या. मंदिरात किंवा हौशी मंडळात फुकट गाणाऱ्यांना अडवू नका. कायद्यानेच त्यांना मुभा दिली आहे.