काळी माती, खाली पाणी

इलिनॉयमध्ये शॅम्पेन-अर्बानाच्या आसपास कोणी घर घेणार असेल तर माझं एकच सांगणं असतं: जागा ऑगस्टमध्ये बघू नका, एप्रिलमध्ये बघा. तीही चांगला दोन दिवस पाऊस लागून गेल्यावर. ऑगस्टमध्ये इथे सगळंच देखणं असतं. चहूकडे डोक्याच्या वर गेलेला मका, कोरडे रस्ते, हिरवळ, बेसमेंटमध्ये नवा गालिचा. आम्हाला घर दाखवलं गेलं ते अशाच दिवसांत. बिल्डरने पाण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. बर्फ वितळून पाऊस सुरू झाला आणि बेसमेंटच्या भिंतीच्या तळाशी ओल धरली, मग फरशीवर पाणी आलं. वरून छप्पर गळत नव्हतं, कुठला नळ फुटला नव्हता. पाणी जमिनीतून येत होतं, आणि मे महिना सरेपर्यंत येत राहिलं.

ही जमीन अशी का आहे हे कळलं की पुढचं बरंच सोपं जातं. वीस-पंचवीस हजार वर्षांपूर्वी मिशिगन सरोवराच्या बाजूने बर्फाचा प्रचंड थर इथवर सरकत आला होता. तो मागे हटला तेव्हा दगडगोटे, वाळू आणि चिकणमाती इथेच टाकून गेला. काही ठिकाणी त्या गाळाचे लांबलचक उंचवटे झाले. त्यांना हिमोढ म्हणतात. त्यांच्या मधली जमीन मात्र सपाट राहिली, अधूनमधून बशीसारखे उथळ खोलगट भाग असलेली. नंतर नद्यांच्या कोरड्या पात्रांतली बारीक धूळ वाऱ्याने उडून त्यावर मीटर-दीड मीटर बसली. उतार शेकडा दोनपेक्षाही कमी. पाणी वाहून न्यायला ओढे-नाले पुरेसे तयारच झाले नव्हते, त्यामुळे पडलेलं पाणी जागच्या जागी राहायचं. त्यात उंच गवत आणि लव्हाळी माजायची. मुळं मरायची, पण हवा नसलेल्या ओल्या मातीत ती नीट कुजायची नाहीत. हजारो वर्षं हे चाललं आणि वरचा थर काळाभोर झाला. या मातीला ड्रमर म्हणतात, फोर्ड काउंटीतल्या एका ओढ्यावरून. इलिनॉयमध्ये ती पंधरा लाख एकरांहून जास्त पसरली आहे आणि २००१ पासून ती राज्याची अधिकृत माती आहे.

माझा धाकटा भाऊ परभणीकडे शेती करतो. तो इथे आला तेव्हा परसातली माती हातात घेऊन म्हणाला, "ताई, सोनं आहे गं हे! आपल्याकडच्या काळीसारखंच." सोनं आहे यात शंका नाही, मक्याला आणि सोयाबीनला जगात यापेक्षा चांगली जमीन फारशी सापडायची नाही. पण आपल्याकडची काळी बेसॉल्ट खडकातून आलेली, चिकणमाती जास्त, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडणारी. ही वेगळी. मी त्याला म्हटलं, थोडं खाली खणून बघ.

त्याने कुदळीने खड्डा घेतला. वरचा दीड फूट काळा, हातात कुस्करला की भुसभुशीत. मग रंग बदलला. खाली करडी, जरा हिरवटपणाकडे झुकणारी माती लागली आणि त्या करड्यात गंजासारखे तांबूस ठिपके. जुन्या मुळांच्या पोकळ्यांच्या कडेने तर तांबड्या रेघाच ओढलेल्या. भावाने ढेकूळ मोडून बराच वेळ निरखलं आणि म्हणाला, "ही तर चिबड जमीन!" बरोबर ओळखलं त्याने. मातीला तांबूस-पिवळा रंग येतो तो लोहामुळे. माती पाण्याने भरून राहिली की हवा संपते, लोहाचं रूप बदलतं, ते पाण्यात विरघळून सरकतं आणि माती करडी पडते. मुळांच्या वाटेने जिथे थोडी हवा मिळते तिथे ते पुन्हा गंजून बसतं. म्हणून हे ठिपके आणि या रेघा ऑगस्टच्या कडक उन्हातही खोटं बोलत नाहीत: वसंतात पाणी इथवर चढतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्याच्या तळाशी पाणी जमलं होतं. पाऊस तर पडला नव्हता.

म्हणून घर बघायला जाल तेव्हा मालकाची परवानगी काढून परसात असा एक खड्डा घ्या. इन्स्पेक्टर भिंती, छप्पर, वायरिंग सगळं तपासतो, पण खड्डा खणत नाही. त्याआधी अमेरिकेच्या कृषी खात्याचा मातीचा नकाशा इंटरनेटवर फुकट बघता येतो, तो बघा. पत्ता टाकला की तुकड्या-तुकड्यांवर आकडे दिसतात. १५२ए म्हणजे ड्रमर. १५४ए म्हणजे फ्लॅनगन, तिची थोडी उंचावर बसलेली शेजारीण; निचरा तिचाही फारसा चांगला नाही, पण ड्रमरपेक्षा बरा. आकडा १७१ असेल तर ती कॅटलिन, बरीच सुटसुटीत. एकाच गल्लीत एक घर १५२वर आणि पलीकडचं १५४वर असू शकतं. बेसमेंट असलेल्या घरांसाठी ड्रमर अगदी गैरसोयीची आहे, हे त्याच नकाशात स्वच्छ लिहिलेलं आहे.

मग या पाणथळीत शेती आणि वस्ती झाली कशी? जमिनीत पुरलेल्या निचऱ्याच्या नळ्यांमुळे; त्यांना इथे टाइल म्हणतात. एकोणिसाव्या शतकात इथल्या ओल्या गवताळ प्रदेशात लोक हिवतापाने हैराण होते. १८७९ साली इलिनॉयमध्ये निचऱ्यासाठी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन कर उभारण्याचे कायदे झाले, मोठे चर खणले गेले आणि शेतांत तीन-चार फूट खोल मातीच्या भाजलेल्या नळ्या पुरल्या गेल्या. फूटभर लांबीच्या नळ्या एकापुढे एक टेकवून ठेवलेल्या; त्यांच्या सांध्यांतून पाणी आत शिरतं आणि चराकडे वाहतं. आता त्यांच्याऐवजी भोकं पाडलेले प्लास्टिकचे पाइप घालतात. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या पट्ट्यात चिबड जमिनी सुधारायला भूमिगत पाइप टाकतात, त्याच जातीचं काम.

त्या जुन्या नळ्या आजही जिवंत आहेत, आणि खरा घोळ तिथेच होतो. आमची वस्ती पूर्वीच्या मक्याच्या शेतावर उभी आहे. एका परसात नव्या गॅरेजसाठी चर खणताना यंत्राने एक नळी तोडली. खणणाऱ्यांनी माती लोटून चर बुजवला आणि ते निघून गेले. त्याच्या वरच्या बाजूच्या घरांच्या परसात पुढच्या वसंतात तळी साचली, झाडांची मुळं कुजली. नळ्यांचा नकाशा कोणाकडेच नव्हता. शेवटी पूर्वी ही जमीन कसणाऱ्या एका वृद्ध शेतकऱ्याने येऊन हाताने दिशा दाखवली, तेव्हा तुटलेली जागा सापडली. इलिनॉयमध्ये खणण्याआधी ८११ला फोन करायचा असतो, पण ते सार्वजनिक वाहिन्यांवर खुणा करतात, शेतातल्या टाइलवर नाही. चर खणताना लालसर खापरीचा तुकडा वर आला की काम थांबवा, ती नळी दुरुस्त करून मगच चर बुजवा. इथल्या कायद्याप्रमाणे वरच्या जमिनीचं नैसर्गिक उताराने येणारं पाणी खालच्याला अडवता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

बेसमेंट असेल तर संप पंप बहुधा असतो. फरशीतल्या खड्ड्यात भिंतीभोवतीच्या पाइपातलं पाणी जमतं आणि पंप ते बाहेर टाकतो. वादळाच्या रात्री पाणी सर्वांत जास्त येतं आणि वीजही नेमकी तेव्हाच जाते. म्हणून बॅटरीवरचा दुसरा पंप हवाच; त्यात काटकसर करू नका. पाणी बाहेर टाकणारा पाइप भिंतीपासून चांगला लांब न्या, नाहीतर तेच पाणी फिरून आत येतं. साध्या घरविम्यात जमिनीतून झिरपलेलं पाणी बहुधा धरत नाहीत. संप भरून वाहिला तर त्यासाठी वेगळं कलम जोडून घ्यावं लागतं, ते आधीच विचारून ठेवा.

बागेचं म्हणाल तर वापसा आल्याशिवाय या मातीला हात लावू नका. मूठभर माती दाबून गोळा करा आणि अंगठ्याने ढकला. फुटला तर काम करा, नुसता चेपला तर थांबा. ओल्या मातीवर यंत्र चाललं की ती घट्ट दाबली जाते आणि पुढच्या हंगामातही सुटत नाही. झाडं पाण्यात तग धरणारी निवडा; पाणथळीतला पांढरा ओक आणि नदीकाठचा बर्च इथे सुखाने वाढतात. पीच आणि चेरीचा हट्ट असेल तर मातीचा उंचवटा करून त्यावर लावा. खड्ड्याच्या तळाशी खडी घातली की निचरा होतो असं नर्सरीतही सांगतात; तसं होत नाही. खालची माती भरलेली असताना खडीतलं पाणी जाणार कुठे? ते तिथेच थांबतं आणि मुळं त्यात बुडतात.