हिरडीतले रक्त आणि उतारवय

म्हातारपणी दात पडायचेच, हा समज आपल्याकडे इतका खोल रुजला आहे की दात हलू लागला तरी त्यामागे आजार असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक निरोगी हिरडीतला दात केवळ वय झाले म्हणून पडत नाही. दातांवर साचणाऱ्या जिवाणूंच्या चिकट थरात लाळेतील क्षार मिसळून किटण तयार होते, त्यालगतची हिरडी सुजते आणि ब्रश लागताच रक्त येते. हा झाला हिरडीदाह, ज्यात हाड शाबूत असल्याने वेळीच स्वच्छता केल्यास हिरडी पूर्ववत होते. दुर्लक्ष झाल्यास हिरडी दातापासून सुटते, मधली फट खोल होत जाते आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजते. बोलीत यालाच पायोरिया म्हणतात.

हा आजार बहुधा दुखत नाही, आणि प्रस्तुत लेखकाची फसगत नेमकी तेथेच झाली. साठीनंतर दोन वर्षे येणाऱ्या रक्ताचे खापर ब्रशवर फोडून त्या जागी ब्रश फिरवणेच थांबवले गेले. त्याच काळात पथ्य सांभाळूनही साखर आटोक्यात येईना, तरी या दोहोंचा संबंध ध्यानात आला नाही, आणि तपासणी झाली तेव्हा दोन दाढा वाचण्यापलीकडे गेल्या होत्या.

हा संबंध दुहेरी आहे. अनियंत्रित मधुमेहात हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांतील दीर्घकाळच्या दाहामुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. म्हणूनच संशोधक हॅराल्ड लो यांनी १९९३ साली या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटले. हिरड्यांवर उपचार केल्यास तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत थोडी, पण मोलाची घट होते, असे आढळले आहे. हृदयविकाराशीही या आजाराचा संबंध दिसतो, मात्र तो हृदयविकाराचे कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या तोंडातील जंतू श्वासमार्गात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो, त्यामुळे त्यांचे तोंड स्वच्छ ठेवणे हा शुश्रूषेचाच भाग मानला पाहिजे.

मऊ ब्रशने दोन वेळा दात घासावेत, दातांमधल्या फटींसाठी बारीक ब्रश वापरावा आणि कवळी रात्री काढून ठेवावी. मिशरीने दात स्वच्छ होत नाहीत. उलट तंबाखूमुळे रक्त कमी येऊन आजार झाकला जातो. किटण काढल्याने दात हलतात, ही भीतीही निराधार आहे, कारण हाड आधीच झिजलेले असते आणि किटणाचा आधार सुटल्यावर ते केवळ जाणवते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास दंतवैद्यांना तसे सांगावे, परंतु ती स्वतःहून बंद करू नयेत. हिरडीतून वरचेवर रक्त येत असेल, तर दुखण्याची वाट न पाहता दंतवैद्यांना दाखवावे आणि साखरही तपासून घ्यावी, एवढेच कळकळीचे सांगणे आहे.